ग्रँड पोर्टेजची वहिवाट : एका नौकामार्गाचा इतिहास

१. प्रश्नाचे स्वरूप

उत्तर अमेरिकेच्या नकाशावर संयुक्त संस्थाने व कॅनडा यांमधील सीमारेषा पाहिली असता तिच्या दोन भागांतील भेद तत्काळ लक्षात येतो. लेक ऑफ द वुड्स या सरोवराच्या पश्चिमेस ही रेषा ४९ व्या अक्षवृत्तावरून पॅसिफिक किनाऱ्याच्या दिशेने सरळ धावते. त्याच सरोवराच्या पूर्वेस, सुपीरिअर सरोवरापर्यंत, तिचे रूप अगदी निराळे आहे. तेथे ती एका सरोवरातून दुसऱ्यात, तेथून एखाद्या लहानशा ओढ्यात, पुन्हा सरोवरात अशी वळणे घेत जाते. पश्चिमेकडील भाग मुत्सद्द्यांनी नकाशावर आखला. पूर्वेकडील भाग मात्र होड्या वल्हविणाऱ्या व पाठीवर ओझी वाहणाऱ्या माणसांच्या वहिवाटीने ठरला.

ही वहिवाट ज्या मार्गाची, तो मार्ग सुपीरिअर सरोवराच्या वायव्य किनाऱ्यावरील ग्रँड पोर्टेज येथून सुरू होऊन पिजन नदी, सीमेवरील सरोवरांची माळ, रेनी सरोवर व रेनी नदी यांच्याद्वारे लेक ऑफ द वुड्सपर्यंत जातो. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात खंडाच्या अंतर्भागातील फरचा व्यापार प्रामुख्याने याच मार्गाने चाले. या मार्गाविषयी जे लिहिले गेले आहे त्यात जलप्रवासाला प्राधान्य मिळाले आहे व वाटेतील प्रपातांचा उल्लेख बहुधा अडथळे म्हणून येतो. वस्तुतः या मार्गाचा इतिहास घडला तो ज्या ठिकाणी पाणी निरुपयोगी होत होते त्या ठिकाणीच होय. प्रपाताला वळसा घालून जाणारी जमिनीवरील पाऊलवाट हा त्या इतिहासाचा कणा आहे. ही वाट प्रथम कोणी पाडली, पुढे तिचा उपयोग कोणी केला आणि तिच्यावरील हक्क कोणाच्या नावे नोंदला गेला, हे तीन प्रश्न प्रस्तुत निबंधात विचारात घेतले आहेत. त्यांची उत्तरे एकसारखी नाहीत, हीच येथील मुख्य गोष्ट आहे.

२. भूमी व जल

सुपीरिअरच्या उत्तरेचा व वायव्येचा हा प्रदेश कॅनडाच्या ढालप्रदेशात मोडतो. येथील खडक अतिप्राचीन व कठीण असून हिमयुगात त्यांच्यावर जाड हिमस्तर पसरलेला होता. तो मागे हटल्यास भूशास्त्रीय दृष्ट्या फारच थोडा काळ लोटला आहे. त्यामुळे येथील नद्यांना आपली पात्रे झिजवून सम करण्यास अवसर मिळालेला नाही. सरोवर, त्याच्या तोंडाशी खडकाचा उंबरठा, उंबरठ्यावरून कोसळणारा प्रपात किंवा खळाळत जाणारा द्रुतवाह, आणि त्याच्या तळाशी पुन्हा शांत सरोवर, अशी येथील जलरचना आहे. दुरून पाहता हा सर्व प्रदेश म्हणजे पाण्याचा एक अस्ताव्यस्त जिना भासतो.

या जिन्याची सर्वांत अवघड पायरी अगदी प्रारंभीच येते. पिजन नदी सुपीरिअरला मिळण्यापूर्वी तिच्या शेवटच्या सुमारे २० मैलांत एकामागून एक प्रपात व घळी आहेत. त्यांपैकी हाय फॉल्स या नावाने ओळखला जाणारा प्रपात सुमारे १२० फूट उंच आहे. एवढे अंतर नदीतून होडी नेणे अशक्य असल्यामुळे सरोवराच्या किनाऱ्यावरून थेट डोंगर चढून, प्रपातांचा सारा टापू टाळून, नदीच्या वरच्या अंगास पोहोचणारी साडेआठ मैलांची पाऊलवाट निर्माण झाली. ही वाट सरोवराच्या पातळीपासून सहाशे फुटांहून अधिक चढते. नाव व माल पाण्याबाहेर काढून अशा रीतीने वाहून नेण्याच्या वाटेस फ्रेंच नाविक 'पोर्टेज' म्हणत. ओजिब्वे लोक या वाटेला 'गिची ओनिगामिंग' म्हणजे 'ओझी वाहण्याचे मोठे स्थान' असे संबोधीत, आणि 'ग्रँड पोर्टेज' हे फ्रेंच नाव अर्थाने त्याच्याशी जुळते.

येथून उत्तरेस कामिनिस्टिक्विया नदीचा दुसरा मार्ग होता. त्यावर प्रारंभीच सुमारे १३० फूट उंचीचा काकाबेका प्रपात लागतो व तेथेही उभ्या चढणीचे पोर्टेज होते. हा मार्ग डॉग लेक, लाक दे मिल लाक इत्यादी सरोवरांमधून फिरून लाक ला क्रॉइ येथे पहिल्या मार्गास मिळे. तो अधिक लांब व उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर त्रासाचा असे. अर्थात दोन्ही मार्गांच्या मुखाशी एकेक मोठा प्रपात उभा होता, आणि यांपैकी कोणत्या प्रपाताला वळसा घालावयाचा या निर्णयावर पुढे एका मोठ्या व्यापारी संस्थेचे भवितव्य व दोन राष्ट्रांची सीमा अवलंबून राहिली.

३. वाट पाडणारे

या पाऊलवाटा युरोपियनांनी शोधून काढल्या असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही. ओजिब्वे, क्री व त्यांच्यापूर्वी तेथे वावरणारे लोक यांनी पिढ्यान्पिढ्यांच्या येण्याजाण्याने त्या पाडल्या होत्या. ज्या होडीमुळे हा प्रवास शक्य झाला ती कनू नावाची होडीही त्यांचीच. भूर्जवृक्षाची साल, सीडरच्या लाकडाच्या बारीक फासळ्या, शिवणीसाठी स्प्रूसची मुळे आणि सांधे बुजविण्यासाठी झाडाचा डिंक, एवढ्याच साहित्यातून ती तयार होत असे. साल शिवण्याचे व सांध्यांस डिंक लावण्याचे काम बहुधा स्त्रिया करीत. ही होडी खडकावर आपटल्यास सहज फाटे. तथापि तिच्या दुरुस्तीचे साहित्य काठावरच्या अरण्यातच उपलब्ध असे, आणि मुख्य म्हणजे माणसांना ती खांद्यावर घेऊन चालता येत असे. प्रपातांच्या देशात नौकेची खरी कसोटी ती पाण्याबाहेर किती हलकी आहे यावरच लागते.

प्रपातांविषयी या लोकांची वृत्ती केवळ व्यावहारिक नव्हती. १६१३ मध्ये सॅम्युएल द शांप्लेन ओटावा नदीवरील शोदिएर प्रपातापाशी आला असता, बरोबरच्या मूलनिवासींनी तंबाखू गोळा करून ती विधिपूर्वक प्रपातात अर्पण केल्याचे त्याने नमूद केले आहे. ज्या स्थानी प्रवाशाला आपले वाहन सोडून उतरावे लागते, ते स्थान कोणा शक्तीच्या अधिकारात आहे, ही भावना त्यामागे दिसते.

फ्रेंचांचा प्रवेश प्रथम उत्तरेच्या मार्गाने झाला. १६८८ मध्ये झाक द नॉयों हा कामिनिस्टिक्वियाच्या मार्गाने रेनी सरोवरापर्यंत पोहोचला. ग्रँड पोर्टेजचा मार्ग युरोपियनांच्या नियमित उपयोगात आला तो मात्र १७३१ नंतर, ला व्हेरेंद्री याच्या मोहिमेमुळे. या मोहिमेची पूर्वतयारी लक्षात घेण्याजोगी आहे. ला व्हेरेंद्रीस पश्चिमेकडील सरोवरे व नद्या यांची कल्पना मिळाली ती ओचागाक व इतर मूलनिवासींनी काढून दाखविलेल्या आराखड्यावरून. पुढे हाच आराखडा फ्रेंच नकाशाकारांच्या हाती गेला. म्हणजे या प्रदेशाचा युरोपात पोहोचलेला एक आद्य नकाशा स्थानिक ज्ञानाची प्रत होता.

१७३१ च्या उन्हाळ्यात मोहीम ग्रँड पोर्टेजला येऊन पोहोचली तेव्हा साडेआठ मैलांची ती चढण पाहून बहुतेक नाविकांनी पुढे जाण्यास नकार दिला. ला व्हेरेंद्रीचा भाचा ला जेमेरे काही माणसांसह पुढे गेला व त्याने रेनी सरोवराच्या मुखाशी फोर्ट सेंट पिएर उभारला. स्वतः ला व्हेरेंद्रीस मात्र कामिनिस्टिक्वियाला हिवाळा काढावा लागला. या मार्गाच्या लिखित इतिहासातील पहिला महत्त्वाचा प्रसंग म्हणजे ओझे वाहणाऱ्यांनी दिलेला नकार होय. या प्रसंगाकडे पुढील विवेचनात पुन्हा वळावे लागेल.

४. ओझ्याचे अर्थकारण

१७६३ च्या पॅरिसच्या तहाने कॅनडा ब्रिटिशांकडे गेल्यावर मॉन्ट्रियलच्या व्यापाऱ्यांनी, ज्यांत स्कॉटिश मंडळी प्रमुख होती, हा व्यापार हाती घेतला. १७७९ मध्ये त्यांच्यातील काहींनी भागीदारी केली व १७८३-८४ च्या सुमारास नॉर्थ वेस्ट कंपनी स्थिर स्वरूपात उभी राहिली. ईस्ट इंडिया कंपनीच्या इतिहासाशी परिचित असलेल्या वाचकाने येथे एक भेद ध्यानात ठेवावा. हडसन्स बे कंपनीला १६७० ची राजसनद होती. नॉर्थ वेस्ट कंपनीजवळ अशी कोणतीही सनद नव्हती. ती व्यापाऱ्यांची केवळ भागीदारी होती व तिचे बळ वाहतुकीच्या संघटनेत होते.

ही संघटना प्रपातांनी व ऋतुमानाने घालून दिलेल्या मर्यादांतून आकारास आली. पाणी गोठलेले नसते असे महिने थोडे. तेवढ्या अवधीत मॉन्ट्रियलहून माल घेऊन दूरच्या अथाबास्कापर्यंत जाणे व फर घेऊन परतणे एका तुकडीस शक्य नव्हते. म्हणून मार्गाचे दोन भाग करण्यात आले व ग्रँड पोर्टेज हा त्यांचा सांधा ठरला. मॉन्ट्रियलजवळील लाशीन येथून मे महिन्यात निघालेल्या मोठ्या होड्या ओटावा नदी, निपिसिंग सरोवर, फ्रेंच नदी व ह्यूरन सरोवर या मार्गाने येत. त्यांची लांबी सुमारे ३६ फूट असून त्या तीन-चार टन भार वाहत. ग्रँड पोर्टेजच्या पलीकडील अरुंद पाण्यासाठी सुमारे २५ फूट लांबीची, दोन माणसांना खांद्यावर नेता येईल अशी लहान होडी वापरीत. होड्यांप्रमाणे माणसांचेही दोन वर्ग झाले. मॉन्ट्रियलहून येऊन परत जाणाऱ्यांना 'डुकराची चरबी खाणारे' असे हिणवून म्हटले जाई. अंतर्भागात हिवाळा काढणारे स्वतःला श्रेष्ठ समजत. दरवर्षी जुलैमध्ये दोन्ही बाजूंची मंडळी, कंपनीचे भागीदार व कारकून ग्रँड पोर्टेजला एकत्र येत. मालाची अदलाबदल, हिशेब, नेमणुका व भागीदारांच्या सभा त्या मेळाव्यात पार पडत. अथाबास्काच्या तुकडीस तेथपर्यंत येण्याइतकाही वेळ नसे. म्हणून तिच्यासाठी रेनी सरोवरापाशी मालाच्या अदलाबदलीची वेगळी व्यवस्था होती.

माल वाहण्याचे परिमाण ठरलेले होते. प्रत्येक गाठोड्याचे वजन ९० पौंड असे. नाविक कपाळावर चामड्याचा पट्टा अडकवून त्याच्या आधाराने एका वेळी अशी दोन गाठोडी पाठीवर घेई. अलेक्झांडर मॅकेंझी याने १८०१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या व्यवस्थेचे जे वर्णन दिले आहे, त्यावरून मॉन्ट्रियलच्या प्रत्येक नाविकास ग्रँड पोर्टेजवरून आठ गाठोडी वाहून देणे बंधनकारक होते. त्याहून अधिक नेल्यास प्रत्येक गाठोड्यामागे एक स्पॅनिश डॉलर मिळे. आठ गाठोडी म्हणजे चार खेपा, व जाऊन-येऊन हिशेब केल्यास हे अंतर ६८ मैल भरते. ते सारे चिखल, उतार, चढण व डासांच्या थव्यांतून काटावयाचे असे. दोन गाठोडी घेऊन जाऊन तेवढीच दोन परत आणणारी काही माणसे ही फेरी सहा तासांत पुरी करीत, असेही मॅकेंझीने सांगितले आहे. वाट लांब असल्यास काही अंतरावर ओझी खाली ठेवून मागील ओझी आणावयास जात. या विश्रांतिस्थानांच्या संख्येवरूनच पोर्टेजची लांबी मोजण्याचा प्रघात होता. अंतर मोजण्याचे माप मैल नसून माणसाच्या पाठीची सहनशक्ती हे होते, असाच याचा अर्थ.

वल्हविणाऱ्यांच्या अन्नाचा भारही याच हिशेबात धरावा लागे. मॉन्ट्रियलच्या माणसांना वाळवलेला मका व चरबी. अंतर्भागात ओजिब्वेंकडून, विशेषतः त्यांच्या स्त्रियांनी सरोवरांतून झोडपून गोळा केलेला जंगली तांदूळ व पश्चिमेच्या मैदानातून आलेले पेमिकन, म्हणजे वाळलेले मांस व चरबी यांचे मिश्रण, यांवर प्रवास चाले. हा पुरवठा नसता तर होड्यांत मालाऐवजी शिधाच भरावा लागला असता.

ज्या ठिकाणी श्रम सर्वाधिक, त्याच ठिकाणी श्रमिकाच्या नकाराला सर्वाधिक किंमत होती. १७३१ चा प्रसंग वर आलाच आहे. १७९४ मध्ये रेनी सरोवरापाशी नाविकांनी अधिक वेतनाची मागणी करून काम थांबविले व कंपनीने म्होरक्यांना मॉन्ट्रियलला परत धाडले, अशी नोंद डंकन मॅकगिलिव्हरे याच्या रोजनिशीत आहे. दोन्ही प्रसंग माल एका हातातून दुसऱ्या हातात जाण्याच्या स्थानी घडले, हा योगायोग नव्हे. सरोवराच्या मध्यावर वल्हे टाकून कोणास काही साधणार नव्हते. सांध्याच्या ठिकाणी मात्र साऱ्या वर्षाचा व्यापार अडून राहू शकत होता.

५. साधने : कागद व नदीचा तळ

या इतिहासाची लिखित साधने जवळजवळ सर्वच भागीदारांची व कारकुनांची आहेत. नाविकांपैकी बहुतेकांना लिहिता येत नव्हते. त्यांच्या आयुष्याची ओळख होते ती वरिष्ठांनी सहज केलेल्या नोंदींतून. उदाहरणार्थ, जॉन मॅकडॉनेल या कारकुनाच्या १७९३ च्या रोजनिशीत जलविभाजकावरील एका विधीचे वर्णन आहे. साउथ लेक व नॉर्थ लेक यांमधील लहानशा पोर्टेजपासून पाणी एका बाजूस सुपीरिअरकडे व दुसऱ्या बाजूस हडसन उपसागराकडे वाहते. प्रथमच येथे आलेल्या माणसावर सीडरच्या फांदीने पाणी शिंपडून त्याच्याकडून शपथ वदवून घेत, व त्यानंतरच तो 'उत्तरेचा माणूस' गणला जाई. पण असे उल्लेख विरळ आहेत. बुडालेल्या होड्या व गमावलेली माणसे यांची वार्ता कागदावर फारशी उतरत नसे. प्रवाशांनी द्रुतवाहांच्या काठी पाहिलेले लाकडी क्रूस हीच काय ती त्यांची निशाणी.

ही उणीव काही अंशी नदीच्या तळानेच भरून काढली. द्रुतवाहापाशी नाविकास दोन पर्याय असत : ओझे उतरवून काठाने चालावे, अथवा श्रम व वेळ वाचविण्यासाठी भरल्या होडीने प्रवाहात शिरावे. दुसरा पर्याय फसला म्हणजे माल तळाशी जाई. १९६० मध्ये सीमेवरील ग्रॅनिट नदीत, हॉर्सटेल रॅपिड्सच्या खाली, पाणबुड्यांना एकात एक बसविलेली १७ पितळी भांडी सापडली. त्यानंतर मिनेसोटा हिस्टॉरिकल सोसायटी व ओंटारिओतील संस्था यांनी अनेक नद्यांच्या पात्रांत पद्धतशीर शोध घेतला. त्यातून कुऱ्हाडी, बंदुकीचे भाग, शिशाच्या गोळ्या इत्यादी वस्तू उपलब्ध झाल्या.

इतिहासाच्या अभ्यासकास या वस्तूंचे महत्त्व दुहेरी आहे. हिशेबाच्या वह्यांतून काय पाठविले व काय विकले गेले हे समजते. वाटेत काय गमावले गेले हे तळावरून समजते. शिवाय ज्या प्रवाहाच्या खाली वस्तू सापडतात तेथे नाविकांनी पोर्टेज टाळून धोका पत्करला होता, हे सिद्ध होते. नियमांत न बसणारा, एका क्षणी घेतलेला आणि चुकलेला असा निर्णय कोणत्याही दप्तरात इतक्या नेमकेपणाने मिळत नाही. जे प्रपात निःसंशय प्राणघातक होते तेथे पोर्टेज करण्यावाचून गत्यंतर नव्हते. पाण्याने गिळलेला माल सापडतो तो मध्यम प्रतीच्या द्रुतवाहांत, जेथे मोहाला वाव होता.

६. वहिवाट व राष्ट्रसीमा

१७८३ च्या पॅरिस तहाने अमेरिकन संस्थानांचे स्वातंत्र्य मान्य झाले, तेव्हा सीमारेषा सुपीरिअरमधून 'लाँग लेक' नावाच्या सरोवरात व तेथून जलमार्गाने लेक ऑफ द वुड्सपर्यंत न्यावी असे ठरले. वाटाघाटी करणाऱ्यांपुढे जॉन मिचेल याचा १७५५ चा नकाशा होता. तहात उल्लेखिलेले फेलिपो नावाचे बेट सुपीरिअरमध्ये मुळातच नाही, आणि लाँग लेक म्हणजे नेमके कोणते पाणी हेही जागेवर कोणास सांगता येईना. शब्द तहात होते. त्यांना जुळणारी भूमी शोधावयाची होती.

या संदिग्धतेचा पहिला परिणाम कंपनीवर झाला. १७९४ च्या जे तहाने सीमेच्या दक्षिणेची ठाणी सोडण्याचे ब्रिटिशांनी मान्य केले. ग्रँड पोर्टेजचे ठाणे अमेरिकन हद्दीत ठरणार व मालावर जकात बसणार अशी भीती निर्माण झाली. १७९८ मध्ये रॉडरिक मॅकेंझी यास वाटेत भेटलेल्या एका मूलनिवासी कुटुंबाकडून कामिनिस्टिक्वियाच्या मार्गाची माहिती मिळाली. फ्रेंचांनी पूर्वी वापरलेला हा मार्ग ब्रिटिश व्यापाऱ्यांच्या विस्मृतीत गेला होता. स्थानिक लोकांच्या स्मृतीतून मात्र तो कधीच लोपला नव्हता. १८०३ पर्यंत कंपनीने आपला सारा कारभार कामिनिस्टिक्वियाच्या मुखाशी हलविला, व १८०७ मध्ये त्या ठाण्यास विल्यम मॅकगिलिव्हरे याच्या नावावरून फोर्ट विल्यम हे नाव देण्यात आले. हाय फॉल्सला वळसा घालणारी वाट सुटली व काकाबेकाला वळसा घालणारी वाट पुन्हा गजबजली.

सीमेचा प्रश्न त्यानंतरही अनिर्णीत होता. १८१४ च्या गेंटच्या तहान्वये नेमलेल्या मंडळात अमेरिकेतर्फे पीटर पोर्टर व ब्रिटनतर्फे अँथनी बार्कली होते. ब्रिटिश बाजूच्या मोजणीचे काम डेव्हिड थॉम्प्सन याने केले, जो १७९७ मध्ये नॉर्थ वेस्ट कंपनीत दाखल झाला होता व या वाटा पायांनी तुडविलेला होता. वादात अमेरिकेने उत्तरेच्या कामिनिस्टिक्वियावर, तर ब्रिटनने दक्षिणेच्या सेंट लुइस नदीवर दावा सांगितला. व्यापाऱ्यांची नेहमीची वाट कोणती हा युक्तिवादातील एक मुख्य मुद्दा झाला, आणि पाऊलवाटांचे वर्णन, त्यांची लांबी व त्यांचा उपयोग यांना पुराव्याचे स्थान प्राप्त झाले. १८२७ पर्यंत मंडळात एकमत झाले नाही. अखेर १८४२ मध्ये वेब्स्टर व ॲशबर्टन यांनी केलेल्या तहात मधला मार्ग, म्हणजे पिजन नदी, स्वीकारण्यात आला.

या निवडीचे परिणाम दूरगामी झाले. सेंट लुइस नदीची रेषा मान्य झाली असती तर मेसाबी टेकड्यांतील लोहखनिजाचा प्रदेश कॅनडाकडे गेला असता. त्या खनिजाची निर्यात १८९२ मध्ये सुरू झाली व अमेरिकेच्या पोलाद उद्योगाचा तो एक प्रमुख आधार ठरला.

तथापि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्या तहाचे दुसरे कलम अधिक महत्त्वाचे आहे. सुपीरिअरपासून लेक ऑफ द वुड्सपर्यंतच्या रेषेवरील सर्व जलमार्ग व नेहमीच्या वापरातील सर्व पोर्टेज, तसेच प्रत्यक्ष वापरात असलेली ग्रँड पोर्टेजची वाट, ही दोन्ही देशांच्या नागरिकांस व प्रजाजनांस मुक्त राहतील असे त्यात नमूद केले आहे. ग्रँड पोर्टेजची वाट संपूर्णपणे अमेरिकन भूमीवर आहे. तरीही वहिवाटीच्या जोरावर तिच्यावरून जाण्याचा परराष्ट्रीयांचा हक्क तहात नोंदला गेला. जे तहाच्या तिसऱ्या कलमात सीमेच्या दोन्ही बाजूंस राहणाऱ्या मूलनिवासींच्या मुक्त येण्याजाण्याचा स्पष्ट उल्लेख होता. १८४२ च्या कलमात केवळ नागरिक व प्रजाजन यांची भाषा आहे. ज्यांनी वाट पाडली, ज्यांनी तिचा नकाशा काढून दिला व विसरलेला पर्याय पुन्हा दाखविला, त्यांचा नामनिर्देश वहिवाटीच्या या सर्वांत औपचारिक दस्तऐवजात नाही.

७. व्यापारानंतरचा मार्ग

१८२१ मध्ये नॉर्थ वेस्ट कंपनी हडसन्स बे कंपनीत विलीन झाली व मुख्य वाहतूक हडसन उपसागरावरील यॉर्क फॅक्टरीमार्गे वळली. फोर्ट विल्यमचे महत्त्व ओसरले. १८७० मध्ये वुल्झलीच्या सैन्याने रेड रिव्हरकडे जाताना याच जलमार्गांचा आश्रय घेतला. पुढील दशकात डॉसन मार्गावर गाड्या व लहान आगबोटी यांच्या साहाय्याने प्रवाशांची ने-आण झाली. १८८० नंतरच्या दशकात कॅनेडियन पॅसिफिक रेल्वे आली व वाहतुकीसाठी या मार्गाची गरज उरली नाही. याच काळात भूमीच्या हक्कांचे करार झाले : १८५० चा रॉबिन्सन-सुपीरिअर करार, १८५४ चा ला पॉइंट करार व १८७३ चा तिसऱ्या क्रमांकाचा करार. ला पॉइंट करारान्वये ग्रँड पोर्टेज येथे ओजिब्वेंसाठी राखीव क्षेत्र ठरविण्यात आले, व ती पुरातन वाट त्या क्षेत्रातच राहिली.

विसाव्या शतकात प्रपातांकडे पाहण्याची दृष्टी बदलली. आता ते शक्तीचे साधन झाले. काकाबेकाच्या पाण्यावर १९०६ मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली. १९२५ मध्ये एडवर्ड बॅकस या उद्योगपतीने रेनी सरोवराच्या पाणलोटात धरणांची मालिका बांधण्याची योजना मांडली. ती अमलात आली असती तर सीमेवरील सरोवरांची पातळी चढून अनेक प्रपात, द्रुतवाह व पोर्टेज पाण्याखाली गेले असते. अर्नेस्ट ओबरहोल्टझर प्रभृतींनी तिला विरोध केला. १९३० मध्ये अमेरिकन काँग्रेसने शिपस्टेड-न्यूटन-नोलन कायदा करून त्या भागातील नैसर्गिक जलपातळी बदलण्यास मनाई केली व १९३४ मध्ये आंतरराष्ट्रीय संयुक्त आयोगानेही योजनेच्या विरुद्ध मत दिले. दरम्यान कॅनडाच्या बाजूस क्वेटिको हे १९१३ मध्ये प्रांतिक उद्यान झाले होते. अमेरिकेच्या बाजूस १९६४ व १९७८ च्या कायद्यांनी सीमावर्ती जलप्रदेशास संरक्षित अरण्याचा दर्जा मिळाला.

या संरक्षणामुळेच दोनशे वर्षांपूर्वीचे पोर्टेज आजही पायांखाली सापडतात, हे मान्य केले पाहिजे. परंतु 'अरण्य' या शब्दात एक गृहीतक दडलेले होते : हा प्रदेश निर्मनुष्य आहे व तसाच होता. या गृहीतकाची किंमत ओजिब्वेंना मोजावी लागली. क्वेटिकोच्या क्षेत्रात असलेले त्यांचे एक राखीव क्षेत्र ओंटारिओ सरकारने १९१५ मध्ये रद्द केले. या व तत्सम अन्यायाबद्दल लाक ला क्रॉइ येथील समाजाची ओंटारिओच्या विधिमंडळात जाहीर क्षमा मागितली गेली ती १९९१ मध्ये, म्हणजे शाहत्तर वर्षांनी. ज्या वाटांमुळे हौशी नौकाप्रवासी त्या अरण्यात शिरू शकतात, त्या वाटाच तेथे मनुष्यवस्ती होती याचा सर्वांत ठळक पुरावा होत्या.

ग्रँड पोर्टेज येथील घटनाक्रम काहीसा वेगळा आहे. १९३६-३७ मध्ये तेथे उत्खनन झाले व त्यानंतर कंपनीच्या ठाण्याची इमारत पुन्हा उभारण्यात आली. त्या कामावर ओजिब्वे मजूर होते. १९५८ मध्ये काँग्रेसने ग्रँड पोर्टेज राष्ट्रीय स्मारकाचा कायदा केला. त्यासाठी लागणारी भूमी ओजिब्वेंनी आपल्या राखीव क्षेत्रातून दिली.

८. समारोप

वरील विवेचनावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. या नौकामार्गाचे स्वरूप प्रपातांनी ठरविले : होडीचे आकारमान, गाठोड्याचे वजन, नोकरांचे वर्ग, मेळाव्याचे स्थान व श्रमिकांची सौदाशक्ती ही सर्व पाणी जेथे अडते तेथून उद्भवली. व्यापार संपल्यावरही त्या व्यवस्थेची छाया राष्ट्रसीमेच्या रूपाने नकाशावर राहिली.

वहिवाट हा शब्द आपल्याकडे हक्काचा पुरावा म्हणून वापरला जातो. ज्याची वहिवाट त्याचा हक्क, हे तत्त्व ग्रँड पोर्टेजच्या बाबतीत दोन साम्राज्यांच्या वारसांनी एकमेकांपुरते मान्य केले. मूळ वहिवाटदारांच्या बाबतीत ते दीर्घकाळ विसरले गेले. याचे एक कारण पुराव्याच्या स्वरूपात आहे. व्यापाऱ्यांनी रोजनिशा लिहिल्या, मोजणीदारांनी नकाशे काढले, मुत्सद्द्यांनी कलमे रचली. वाट पाडणाऱ्यांचा दस्तऐवज म्हणजे खुद्द ती वाट, तिचे नाव व तिची स्मृती. १७९८ मध्ये एका कुटुंबाने सहज सांगितलेल्या माहितीवर एका बलाढ्य कंपनीने आपले मुख्य ठाणे हलविले, यावरून त्या स्मृतीची विश्वसनीयता सिद्ध होते. इतिहासलेखनात या प्रकारच्या पुराव्याला कोणते स्थान द्यावे हा प्रश्न पिजन नदीपुरता मर्यादित नाही. जेथे जेथे कागदापूर्वी पायवाट होती, तेथे तेथे तो अभ्यासकापुढे उभा राहतो.